शालाप्रवेशाचे वय

शालाप्रवेशाचे वय : बालकाने घराबाहेरील संघटित शिक्षणास कोणत्या वयी प्रारंभ करावा, याविषयीचा सामाजिक संकेत, शासकीय नियम अथवा कायदा. या संज्ञेत दोन निरनिराळे टप्पे अंतर्भूत आहेत : पहिला, पूर्वप्राथमिक संस्थेतील (बालवाडी, अंगणवाडी, बालकमंदिर, शिशुवर्ग, बालोद्यान) प्रवेशाचा आणि दुसरा, इयत्ता पहिलीतील प्रवेशाचा. पहिल्या टप्प्याचे वय बहुतेक देशांत तीन वर्षे वा त्याच्या आसपास, तर दुसऱ्याचे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान असते. एकच नाव देशपरत्वे भिन्न अर्थांनी वापरले जाते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. जर्मनीत ‘किंडरगार्टन’ म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांची, प्राथमिक शाळेहून वेगळी अशी संस्था होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती प्राथमिक शाळेचीच पहिली पायरी असून तीत साधारणतः पाच वर्षांची मुले असतात. भारतात तिचे छोटा व मोठा शिशुवर्ग असे दोन भाग करण्याची प्रथा आहे.

प्रवेशाचे वय ठरविताना तीन भिन्न प्रश्न एकमेकांत मिसळतात : बालकाची शारीरिक व मानसिक परिपक्वता किती झाली आहे, कुटुंबाला व समाजाला त्याच्या वेळेची अथवा श्रमाची गरज किती आहे, आणि शाळेच्या व्यवस्थेला एका वर्गात किती वयाची मुले सोयीची वाटतात. इतिहासात निरनिराळ्या काळी यांपैकी निरनिराळ्या प्रश्नाला प्राधान्य मिळाल्याचे आढळते. मात्र प्रत्येक काळी उत्तर ‘बालकास योग्य वय’ याच शब्दांत मांडले गेले.

प्राचीन व मध्ययुगीन संकेत : प्राचीन भारतात शिक्षणारंभाचे दोन संस्कार मानले जात. उत्तरकालीन धर्मनिबंधांत विद्यारंभ अथवा अक्षरारंभ हा पाचव्या वर्षी करावा असे सांगितले असून वेदाध्ययनाचा अधिकार देणारा उपनयन संस्कार त्यानंतर येई. गृह्य व धर्मसूत्रांनी उपनयनासाठी ब्राह्मणास आठवे, क्षत्रियास अकरावे व वैश्यास बारावे वर्ष विहित मानले. मनुस्मृतीने ब्राह्मणाला पाचव्या वर्षीही उपनयनाची मुभा दिली, तर उलट बाजूस अनुक्रमे सोळा, बावीस व चोवीस वर्षांपर्यंतची कमाल मर्यादा घालून दिली. म्हणजे शास्त्रकारांनी एकच वय न सांगता एक रुंद पट्टा आखलेला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजपुत्राने चौलकर्मानंतर लिपी व गणन शिकावे आणि उपनयनानंतर त्रयी इ. विद्यांकडे वळावे, असा क्रम दिला आहे. या सर्व व्यवस्थेतून शूद्र पूर्णपणे व उत्तरकाळी स्त्रियाही वगळल्या गेल्या होत्या. त्यांच्या बाबतीत ‘केव्हा’ हा प्रश्न निर्माणच झाला नाही. भारतीय मुसलमानांत बालक चार वर्षे, चार महिने व चार दिवसांचे झाले म्हणजे बिस्मिल्लाचा विधी करून त्याला अक्षरओळख करून देण्याची प्रथा रूढ झाली.

इंग्रजी अमदानीच्या प्रारंभी पाहणी झाली तेव्हा हे संकेत बऱ्याच अंशी टिकून होते. मद्रास इलाख्यात टॉमस मन्रोने १८२२ मध्ये सुरू केलेल्या चौकशीला उत्तर देताना बेल्लारीचा जिल्हाधिकारी ए. डी. कॅम्बेल याने १८२३ मध्ये हिंदू मुलांचे शिक्षण साधारणतः पाचव्या वर्षी सुरू होते, असे नमूद केले. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांतही मूल मुहूर्त पाहून दाखल होई व धुळपाटीवर अक्षरे गिरवू लागे. दसऱ्याला पाटीवर सरस्वतीचे चिन्ह काढून तिचे पूजन करण्याच्या प्रथेत या मुहूर्ताची स्मृती शिल्लक आहे. या शाळांत वयानुसार वर्ग नव्हते, वार्षिक परीक्षा नव्हत्या आणि वर्षारंभाची एकच तारीखही नव्हती. प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे जाई. त्यामुळे एखादे मूल सहा महिन्यांनी लहान वा मोठे असल्याने फारसे बिघडत नसे. प्रवेशवयाचा प्रश्न तीव्र झाला तो वयवार वर्गांची आधुनिक शाळा आल्यानंतर.

पाश्चात्त्य विचारपरंपरा : प्लेटोने लॉज या ग्रंथात तीन ते सहा वर्षांपर्यंतचा काळ खेळासाठी राखून त्यानंतर शिक्षण सुचविले. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) पॉलिटिक्स या ग्रंथात पाच वर्षांपर्यंत बालकावर कोणताही अभ्यास वा श्रम लादू नये, पाच ते सात या काळात पुढे शिकावयाच्या गोष्टी त्याने नुसत्या पाहाव्यात व सातव्या वर्षापासून शिक्षण सुरू करावे, असे म्हटले आहे. इ. स. पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वाचार्य क्विंटिलियन याने सातव्या वर्षापूर्वी वाचन शिकवू नये या प्रचलित मताचा प्रतिवाद केला. लहान वयात जे थोडेबहुत साधते ते वाया का घालवावे, असा त्याचा प्रश्न होता. मात्र बालकाला विद्येची अद्याप गोडी लागलेली नसताना तिचा तिटकारा उत्पन्न होऊ नये, म्हणून हे शिक्षण खेळाच्या रूपाने द्यावे, अशी अटही त्याने घातली. आजच्या वादातील दोन्ही पक्ष व त्यांच्यातील तडजोड अशा प्रकारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच मांडली गेली होती.

जॉन आमॉस कोमीनिअस (१५९२–१६७०) याने जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या काळाला ‘मातृशाळा’ म्हटले आणि तोपर्यंत मुलांना सार्वजनिक शाळेत धाडण्याची घाई करू नये असा सल्ला दिला. झां झाक रूसो (१७१२–७८) याने एमिल (१७६२) या ग्रंथात पुस्तकी शिक्षण सुमारे बारा वर्षांपर्यंत लांबणीवर टाकले. तथापि या विचारवंतांसमोरचे बालक बहुधा सुस्थित घरातील होते. कारखान्यांच्या वाढीबरोबर गरीब कामकरी बालकाचा प्रश्न पुढे आला. रॉबर्ट ओएन (१७७१–१८५८) या गिरणीमालकाने स्कॉटलंडमधील न्यू लॅनर्क येथे १८१६ मध्ये शिशुशाळा उघडली. तेथे चालता येऊ लागलेल्या बालकासही प्रवेश असे, त्याला पुस्तकांचा जाच होऊ दिला जात नसे आणि दहा वर्षांखालील मुलांना गिरणीत काम दिले जात नसे. आईवडील कामावर असताना मुलांनी कोठे राहावे, हा प्रश्न या शाळेच्या मुळाशी होता.

या शिशुशाळांचे लोण अमेरिकेतही पोहोचले. मात्र ॲमराया ब्रिगम या वैद्याने १८३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात कोवळ्या वयातील बौद्धिक श्रमांनी मेंदूला इजा होते असे प्रतिपादन केले. त्याचा सुशिक्षित वर्गावर मोठा प्रभाव पडला आणि शिशुशाळांना ओहोटी लागली. शास्त्राच्या नावाने प्रवेशवय वर ढकलण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

बालोद्यान चळवळ : फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) याने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ख येथे आपली बालसंस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ (बालोद्यान) हे नाव दिले. लहान मुलाला शाळेत आणण्याऐवजी त्याच्या वयाला साजेशी निराळी संस्था निर्माण करणे, ही त्याच्या योजनेची मूळ कल्पना होती. प्रशियाच्या शासनाने १८५१ मध्ये तीवर बंदी घातली व ती १८६० मध्ये उठविली. सेंट लूइस येथे शिक्षणाधीक्षक विल्यम टॉरी हॅरिस व शिक्षिका सूझन ब्लो यांनी १८७३ मध्ये बालोद्यान सार्वजनिक शाळेला जोडले. हॅरिसचे कारण व्यावहारिक होते. कामगारवस्तीतील मुले साधारणतः सातव्या वर्षी शाळेत येत आणि दहाव्याच्या सुमारास कामासाठी शाळा सोडत. शाळा सोडण्याचे वय त्याला लांबविता येत नव्हते, म्हणून त्याने प्रवेशाचे वय अलीकडे आणले. गरिबांच्या शिक्षणाच्या इतिहासात हा युक्तिवाद पुनःपुन्हा आढळतो.

मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंत्सो या श्रमिक वस्तीत ‘बालगृह’ सुरू केले. तेथे योग्य साधने हाताळावयास मिळताच चार-पाच वर्षांची मुले आपण होऊन लिहू लागली, या त्यांच्या अनुभवामुळे सहा-सात वर्षांपूर्वी अक्षरशिक्षण अशक्य वा अपायकारक आहे, या समजुतीला धक्का बसला. परंतु हे यश वयाचे नसून साधने, मोकळीक व प्रशिक्षित शिक्षिका यांचे होते, ही गोष्ट त्यांच्या अनेक अनुकरणकर्त्यांकडून दुर्लक्षिली गेली.

सक्तीच्या शिक्षणाचे कायदे : प्रशियाच्या फ्रीड्रिख द ग्रेट याच्या १७६३ च्या ग्रामशाळा नियमावलीने पाच वर्षांपासून तेरा-चौदा वर्षांपर्यंत शाळेत जाणे आवश्यक ठरविले. इंग्लंडमध्ये १८७० च्या प्राथमिक शिक्षण अधिनियमाने स्थानिक शिक्षणमंडळांना पाच ते तेरा वर्षांच्या मुलांवर सक्ती करण्याचा अधिकार दिला आणि १८८० मध्ये पाच ते दहा वर्षांसाठी सक्ती सार्वत्रिक झाली. पाच हे वय निवडताना बालकाच्या विकासाची चर्चा फारशी झाली नाही. मुलांना रस्त्यावरील व निकृष्ट घरांतील धोक्यांपासून लवकर दूर न्यावे आणि लवकर सुरुवात झाल्याने ती लवकर कामालाही मोकळी व्हावीत, असे दोन्ही हेतू त्यामागे होते. पाच वर्षांखालील मुलेही शाळेत मोठ्या संख्येने येत. १९०० च्या सुमारास इंग्लंड-वेल्समधील तीन ते पाच वर्षांची सु. ४३ टक्के मुले प्राथमिक शाळांच्या पटावर होती. १९०५ मध्ये स्त्री-निरीक्षकांनी या मुलांना उतरत्या बाकांवर बसवून यांत्रिक घोकंपट्टी करून घेतली जाते व तीपासून त्यांना काहीही बौद्धिक लाभ होत नाही, असा अहवाल दिला. त्यानंतर स्थानिक संस्थांना अशी मुले नाकारण्याची मुभा मिळाली व पटसंख्या झपाट्याने घटली. निरीक्षकांनी दोष दाखविला होता तो वर्गातील वागणुकीचा, पण उपाय झाला तो मुलांना वगळण्याचा. मार्गारेट मॅक्मिलन यांनी १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्ड भागात खुल्या हवेतील शिशुशाळा काढून या उपायाला पर्याय उभा केला.

स्कँडिनेव्हियात विरळ वस्ती, लांबचे अंतर व कडक हिवाळा यांमुळे सात हे वय रूढ झाले. नॉर्वेने ते १९९७ मध्ये सहावर आणले. स्वीडनने १९९८ मध्ये सहा वर्षांच्या मुलांसाठी पूर्वतयारीचा वर्ग सुरू केला व २०१८ मध्ये तो सक्तीचा केला. फिनलंडने शाळेचे वय सातच ठेवून २०१५ पासून आधीचे एक वर्ष पूर्वप्राथमिक शिक्षण आवश्यक केले. फ्रान्समध्ये १८८१ पासून ‘मातृशाळा’ सार्वजनिक शिक्षणाचा भाग असून २०१९ पासून तीन वर्षांवरील सर्व मुलांना शिक्षणाची सक्ती आहे. पोलंडने प्रवेशाचे वय सातवरून सहावर आणण्याचा निर्णय २०१४ पासून अंमलात आणला. पालकांच्या व्यापक विरोधामुळे तो २०१६ मध्ये मागे घेण्यात आला. एकाच खंडातील या भिन्न निर्णयांवरून कोणतेही एक वय निसर्गसिद्ध नाही, हे स्पष्ट होते.

ब्रिटिश अमदानीतील भारत : महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्यांचा भर शिक्षण कोठवर मिळावे यावर होता, कारण बहुजनांची मुले शेती व गुरे यांच्या कामासाठी लवकर शाळेबाहेर पडत. १८८१ च्या कारखाने अधिनियमाने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. म्हणजे सात वर्षांच्या मुलाला कारखान्याचे दार कायद्याने उघडे होते, शाळेचे मात्र नव्हते. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी अमरेली भागात १८९३ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो सर्व संस्थानात लागू करताना मुलांसाठी सात ते बारा व मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा ठरविली. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या १९११ च्या विधेयकात सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी सक्तीची तरतूद होती. ते मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. गोखल्यांनी मागितलेली मुदत अवघ्या चार वर्षांची होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. शिक्षणाची एकूण मुदतच इतकी तोकडी असताना आरंभीचे एक वर्ष गमावणे म्हणजे चौथा हिस्सा गमावणे होते.

वर्धा शिक्षण योजनेने (१९३७) सात ते चौदा ही वर्षे मूलोद्योग शिक्षणासाठी निश्चित केली. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने सक्तीची मर्यादा सहा ते चौदा अशी सुचविली व पाचव्या वर्षीही प्रवेश देण्यास हरकत नाही असे म्हटले. सार्जंट योजनेत (१९४४) तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या दहा लाख जागांची कल्पना मांडली होती.

महाराष्ट्र व गुजरातमधील बालशिक्षण : गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी भावनगर येथे १९२० मध्ये बालमंदिर स्थापिले व माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप दिले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी नूतन बालशिक्षण संघाच्या (स्था. १९२६) कार्यातून हा विचार महाराष्ट्रात आणला. ही बालमंदिरे प्रथम शहरी मध्यमवर्गापुरतीच मर्यादित होती. ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ (१९१०–९२) त्यांच्याबरोबर होत्या. हे कार्य १९५७ पासून कोसबाड येथील टेकडीवर आदिवासी मुलांत विस्तारले.

प्रवेशवयाच्या चर्चेच्या दृष्टीने बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगाचे महत्त्व विशेष आहे. मूल अमुक वयाचे झाले म्हणून आपोआप शाळेत येत नाही, ही वस्तुस्थिती तेथे उघड झाली. गरिबांची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली व त्यातून अंगणवाडीची कल्पना निर्माण झाली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र जोडणारी विकासवाडी आकारास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरविण्यात आली. तीन वर्षांच्या बालकाचा प्रवेश हा त्याच्या थोरल्या बहिणीच्या प्रवेशाचाही प्रश्न असतो, हा या प्रयोगाचा मोलाचा निष्कर्ष होय. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचविले. सहा वर्षांखालील मुलांचा आहार, आरोग्य व शाळापूर्व शिक्षण यांचा तीत एकत्र विचार केलेला आहे.

वयाची नोंद व पडताळणी : वयाचा नियम करण्यासाठी वय ठाऊक असावे लागते. ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घकाळ जन्मतारखेची लेखी नोंद बहुतेक घरांत नसे. मूल शाळेत दाखल होताना ‘दुष्काळाच्या साली’ वा ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ अशा आठवणींवरून शिक्षक अंदाज बांधीत. डोक्यावरून हात नेऊन विरुद्ध बाजूचा कान धरता येतो की नाही, ही कसोटी सर्रास वापरली जाई. लहानपणी डोके मोठे व हात आखूड असतात आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास हे प्रमाण बदलते, या निरीक्षणावर ती आधारलेली होती. पण कुपोषणाने वाढ खुंटलेले मूल तिच्यात हमखास मागे पडे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्याने अनेकांच्या नावापुढे १ जून ही जन्मतारीख लिहिली गेली. महाराष्ट्रातील जुन्या पिढीत या तारखेला जन्मलेल्यांची संख्या विलक्षण मोठी दिसते, ती या कारणाने. येथे वयावरून प्रवेश ठरण्याऐवजी प्रवेशावरून वय ठरले. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नंतर परिस्थिती हळूहळू पालटली.

शालेय सिद्धतेचे संशोधन : विसाव्या शतकात प्रवेशवयाचा विचार मानसशास्त्रीय पायावर होऊ लागला. आल्फ्रेड बीने व तेओदॉर सीमाँ यांच्या १९०५ च्या कसोटीनंतर ‘मानसिक वय’ मोजण्याची कल्पना रूढ झाली. अमेरिकेतील विनेत्का येथील शाळांच्या अभ्यासावरून मेबल मॉर्फेट व कार्लटन वॉशबर्न यांनी १९३१ मध्ये असे मांडले, की साडेसहा वर्षांचे मानसिक वय होईपर्यंत वाचनशिक्षण लांबविणे हितावह आहे. आर्नल्ड गेझेल (१८८०–१९६१) यांच्या परिपक्वनवादाचा या मताला आधार मिळाला. गेझेल यांनी एकरूप जुळ्या बहिणींपैकी एकीला जिना चढण्याचा सराव आधी व दुसरीला काही आठवड्यांनी दिला असता दुसरीने थोड्या सरावात पहिलीला गाठले. यावरून घाईचा सराव निष्फळ ठरतो, असा अर्थ काढला गेला. उलट आर्थर गेट्स यांनी १९३७ मध्ये दाखविले, की आवश्यक मानसिक वय हे अध्यापनपद्धती, साहित्य व वर्गाचा आकार यांप्रमाणे बदलते. सुयोग्य शिक्षणाने ते बरेच खाली येते. ल्येव व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी तर चांगले शिक्षण विकासाची वाट न पाहता त्याच्या किंचित पुढे चालते, असे प्रतिपादन केले. म्हणजे सिद्धता ही केवळ बालकाच्या ठायी असणारी गोष्ट नसून बालक व शाळा यांच्यातील नाते आहे, अशी दृष्टी यातून आली.

अमेरिकेतील इप्सिलँटी येथील पेरी प्रकल्पात (१९६२–६७) तीन-चार वर्षांच्या १२३ गरीब मुलांचा अभ्यास झाला. पूर्वप्राथमिक शिक्षण मिळालेल्यांची पुढील आयुष्यातील स्थिती ते न मिळालेल्यांपेक्षा चांगली असल्याचे त्यांच्या वयाच्या चाळिशीपर्यंतच्या पाहणीत दिसून आले. याउलट, टेनेसी राज्याच्या पूर्वप्राथमिक वर्गांविषयी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा वर्गांत गेलेली मुले सहाव्या इयत्तेत इतरांपेक्षा मागे असल्याचे आढळले. न्यूझीलंडमधील २०१३ च्या एका संशोधनानुसार पाचव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या मुलांची आघाडी अकराव्या वर्षाच्या सुमारास उरत नाही. सातव्या वर्षी सुरुवात केलेली मुले त्यांना गाठतात. हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटले, तरी त्यांतून एक समान सूत्र निघते : लवकर मिळालेला सहवास, संभाषण, खेळ व आहार यांचा लाभ, विशेषतः वंचित बालकांना, होतो. केवळ लवकर लादलेल्या अक्षर-अंकांचा टिकाऊ लाभ सिद्ध झालेला नाही.

सीमातिथीचा प्रश्न : प्रवेशासाठी कोणतीही एक तारीख ठरविली, की तिच्या अलीकडे जन्मलेले मूल वर्गातील सर्वांत लहान व पलीकडे जन्मलेले पुढील वर्षाच्या वर्गातील सर्वांत मोठे ठरते. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे त्याच्या आयुष्याचा सु. पाचवा हिस्सा होय. केली बेडर्ड व एलिझाबेथ ड्यूई यांनी २००६ मध्ये अनेक देशांतील परीक्षांच्या तौलनिक अभ्यासावरून वर्गातील धाकट्या मुलांचे गुण चौथ्या इयत्तेतच नव्हे, तर आठव्या इयत्तेतही कमी असतात असे दाखविले. अमेरिकेतील नंतरच्या अभ्यासांत अशा मुलांना ‘अवधान-न्यूनता व अतिचंचलता’ या विकाराचे निदान अधिक वेळा चिकटविले जात असल्याचे आढळले. म्हणजे वयाचे निव्वळ कोवळेपण विकार म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो. नॉर्वेतील २०११ च्या संशोधनाने मात्र परीक्षेच्या वेळचे वय व प्रवेशाचे वय वेगळे काढून, उशिरा प्रवेशाचा अठराव्या वर्षीच्या बुद्धिमापनावर होणारा परिणाम अत्यल्प असल्याचे दाखविले. सीमातिथी मागेपुढे केल्याने वर्गातील ‘सर्वांत लहान’ मूल नाहीसे होत नाही, फक्त ते मूल बदलते. कॅलिफोर्नियाने २०१० च्या कायद्यान्वये आपली सीमातिथी २ डिसेंबरवरून टप्प्याटप्प्याने १ सप्टेंबरवर आणली, परंतु मागे राहणाऱ्या मुलांसाठी संक्रमण-वर्गाचीही सोय केली. सधन पालक मुलाला एक वर्ष थांबवून पुढील वर्षी वर्गातील मोठे मूल म्हणून दाखल करू शकतात. ते वर्ष घरी सांभाळण्याचा खर्च ज्यांना परवडत नाही त्यांना हा पर्याय नसतो.

स्वातंत्र्योत्तर भारत : संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा निदेश दिला. त्यात किमान वय सांगितलेले नव्हते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिलीतील प्रवेशाचे वय सामान्यतः सहा वर्षे पूर्ण याहून कमी नसावे अशी शिफारस केली. तथापि राज्याराज्यांत पाच व सहा असे दोन्ही नियम चालू राहिले. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पूर्वप्राथमिक वयात औपचारिक लेखन-वाचन-गणिताचा आग्रह धरू नये असा इशारा दिला व यशपाल समितीने (१९९३) शिशुवर्गांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद करण्याची शिफारस केली. प्रत्यक्षात शहरांत खासगी शिशुवर्गांची वाढ होऊन अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या प्रवेशासाठी चढाओढ निर्माण झाली.

उन्निकृष्णन खटल्याच्या निकालात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. ८६ व्या घटनादुरुस्तीने (२००२) नवीन २१ क अनुच्छेदात हा हक्क सहा ते चौदा वर्षांपुरता मर्यादित केला व सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन आणि शिक्षण निदेशक तत्त्वांत ठेवले. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क अधिनियमाने प्रवेशासाठी मुलांची अथवा पालकांची चाळणी घेण्यास बंदी केली आणि वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारू नये असे बजावले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शासन आवश्यक व्यवस्था ‘करू शकेल’, एवढेच त्यात म्हटले आहे. म्हणजे तीन वर्षांच्या बालकाचे शिक्षण पालकांच्या ऐपतीवर व स्थानिक अंगणवाडीच्या स्थितीवर अवलंबून राहिले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) तीन ते आठ वर्षांचा एकसंध पायाभूत स्तर मानून पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण ही अट सर्वत्र सुचविली. केंद्रीय विद्यालयांनी २०२२–२३ मध्ये प्रवेशवय पाचवरून सहावर नेले असता पालकांनी त्याला आव्हान दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने व नंतर सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. २०२३ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सर्व राज्यांना सहा वर्षांचा निकष लागू करण्याविषयी कळविले. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये ३१ डिसेंबर ही सीमातिथी ठरविली. तीनुसार शिशुवर्गासाठी तीन व पहिलीसाठी सहा वर्षे त्या तारखेपर्यंत पूर्ण व्हावी लागतात. शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने पहिलीत साडेपाच वर्षांपासून साडेसहा वर्षांपर्यंतची मुले एकत्र येतात.

मूल्यमापन : प्रवेशवयाच्या नियमाला पर्याय नाही. तो नसल्यास निवडीचा अधिकार शाळेच्या हाती जातो आणि मुलाखती, देणग्या व ओळखी यांना वाव मिळतो. ठराविक वय हे या अर्थी दुर्बल पालकाचे संरक्षण आहे. परंतु बालकांची वाढ दिनदर्शिकेप्रमाणे एकसारखी होत नाही. त्यामुळे नियमाने प्रवेश निश्चित झाल्यावर भिन्न परिपक्वतेच्या मुलांना सामावून घेण्याची जबाबदारी शाळेवर येते. पहिली-दुसरीचे वर्ग लवचिक असणे, लहान मुलाच्या मंद गतीला अपयश न मानणे, पटावरील सर्वांत धाकट्या मुलांकडे विशेष लक्ष देणे आणि भाषा ऐकण्या-बोलण्याचा पाया झाल्यावाचून लेखनाची घाई न करणे, ही त्या जबाबदारीची प्रमुख अंगे होत. घरी एक भाषा व शाळेत दुसरी असलेल्या मुलांच्या बाबतीत शेवटचे अंग निर्णायक ठरते.

ॲरिस्टॉटलपासून कोठारी आयोगापर्यंत सुचविल्या गेलेल्या वयांत दोन-तीन वर्षांहून अधिक अंतर नाही. याउलट दर दिवशी सहा तास बाकावर बसून गिरवणारे तीन वर्षांचे मूल आणि अंगणात गाणी म्हणत, माती खेळत व पोटभर खात वाढणारे तीन वर्षांचे मूल यांच्या अनुभवांतील अंतर फार मोठे आहे. प्रवेशाचे योग्य वय कोणते, या प्रश्नाचे उत्तर म्हणून दाराच्या आत काय वाढून ठेवले आहे, हे आधी पाहावे लागते. जेथे ते बालकाला साजेसे असते तेथे तीन वर्षेही लवकर ठरत नाहीत आणि जेथे नसते तेथे सहाही अपुरीच पडतात.